डावीकडची केबल

३ फेब्रुवारी
कारण सापडलं. केबल.
गेले सहा महिने डावीकडून आवाज गोणपाटातून गाळून आल्यासारखा येतोय. कानाचा प्रश्नच नाही. सव्वीस वर्षं रतनच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. कुठल्या मांडवात कुठला स्पीकर फाटलाय हे मी रिक्षातून उतरायच्या आधी सांगतो. आणि माझे इन-इअर, म्हणजे स्टेजवर कानात घालायचे पीस, बाजारातले नाहीत, कस्टम आहेत. दोन वर्षांपूर्वी वापीच्या सेंटरमध्ये दोन्ही कानांत गुलाबी पुट्टी भरून साचा घेतला, त्यावरून बनवले. जगात दुसऱ्या कोणाच्या कानात बसायचे नाहीत. तिथली मुलगी तेव्हा म्हणाली होती, आलाच आहात तर कान तपासून घ्या. मी म्हटलं, बाई, या कानांवर घर चालतं.
थोडक्यात, कान उत्तम, पीस उत्तम. मध्ये उरली वायर. संकल्प: केबल अपग्रेड करायची, रोज तासभर रियाझ, आणि चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला तारपा-नाचाच्या चालीवर सोलो. रतनला अजून सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी
रियाझ झाला नाही. कैनाडच्या वाडीत चिकूची तोड होती.
भिकी आमच्या वाडीत पंधरा वर्षं चिकू काढतेय. हल्ली काही सांगायचं असलं की अख्ख्या झाडाला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला येते आणि मग बोलते. किती वेळ जातो! तिला म्हटलं, तिथूनच बोलत जा. तर म्हणे, तिथून बोलून बोलून घसा सुकला माजा भाऊ, तुला आयकू नाय येत. पंप चालू होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. पंप सकाळपासून बंद आहे, असंही ती म्हणाली. वाद घातला नाही.

७ फेब्रुवारी
ऑर्डर दिली. आठपदरी, तांब्यावर चांदीचा मुलामा. सुषमा म्हणाली, बायकोचे पैंजण काळे पडलेत आणि नवऱ्याच्या वायरीला चांदी. तिला कंडक्टिव्हिटी समजावून सांगितली. ती म्हणाली, आधी कान दाखवून या, मग सोन्याची आणा. टेक्निकल विषय घरात काढायचे नाहीत असं ठरवलं.
तिचं काहीतरी बिनसलंय. जेवायला माझ्या डावीकडे बसायची, लग्नापासूनची जागा. आता कधीपासून उजवीकडे बसते. विचारलं तर म्हणते, इकडे पंख्याचा वारा लागतो. पंखा तर मधोमध आहे.

१२ फेब्रुवारी, दुपारी २
केबल आली. कुरियरवाला शेजारी ठेवून गेला. शेजाऱ्याला म्हणे सांगत होता की गेटवर तीनदा ओरडलो, काका पाठ करून बसलेले. हल्लीच्या पोरांना नीट ओरडताही येत नाही.
चष्मा लावून, श्वास रोखून, मुंगीच्या पायाएवढ्या दोन-दोन पिना लावल्या. ऐकलं.
उजवीकडे स्वर्ग. डावीकडे गोणपाट.
घाबरायचं कारण नाही. नेटवर वाचलं, चांदीची केबल शंभर तास वाजती ठेवल्याशिवाय मोकळी होत नाही. चिकूच्या शेडमध्ये गाणी लावून ठेवून दिली.

१४ फेब्रुवारी
भिकी म्हणाली, भाऊ, तुजे खोके गातात. म्हणजे केबल मोकळी होतेय.
सुषमाने डावा पीस कानाशी धरून बघितला. घंटेसारखा वाजतोय म्हणाली. पण तो तिच्या कानात बसतच नाही, तेव्हा तिच्या मताला तसा अर्थ नाही. शिवाय तिचा कान तयार नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
शंभर तास पूर्ण. बास उघडलाय. प्रत्येक वाद्य वेगळं दिसतं. उजवीकडे. डावीकडेही तसंच असणार.
रियाझ उद्यापासून नक्की.

२० फेब्रुवारी
डहाणूला रतनकडे प्रॅक्टिस. डोकं फिरलं.
तुषार आमचा ढोलकीवाला. रानशेतचा. मीच त्याला रतनकडे आणला, स्टेजवर उभं राहायला शिकवलं. तो माझ्या डावीकडे उभा राहतो, म्हणून माझ्या कानातल्या मिक्समध्ये ढोलकी कायम डावीकडे ठेवलेली. आज सहज मिक्सर बघितला. ढोलकीचा नॉब पूर्ण उजवीकडे! कोणी फिरवला विचारलं. तुषारने रतनकडे बघितलं, रतनने चहाकडे. मग तुषार म्हणाला, असू द्या ना भाऊ, तिकडंच बरं पडतं. कोणाला बरं पडतं? म्हटलं, कान माझे, मिक्स माझा. नॉब परत डावीकडे केला आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. पुन्हा कोणी हात लावायचा नाही.
नंतर वाजवलं. ढोलकी जरा लांब गेली. जरा म्हणजे बरीच. यालाच नेटवरचे लोक साउंडस्टेज म्हणत असावेत.

२१ फेब्रुवारी
रतनला सोलोचं सांगितलं. बघू म्हणाला. रतनचं बघू म्हणजे हो.

२५ फेब्रुवारी
तलासरीला लग्न होतं, हायवेच्या अलीकडे. लिहिणार नव्हतो.
दुपारी आधी गरबा झाला, मग तारप्याची चाल. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरून नाचत होते. चाल बदलायची असली की तुषार ढोलकीवर तोडा देतो, मी त्याच्याबरोबर वळतो. सव्वीस वर्षांत चाल बदलायला एक मात्रा चुकलो नव्हतो. आज त्याने तोडा दिला. दोनदा दिला म्हणे, तीनदा दिला म्हणे. मी डोळे मिटून जुन्याच चालीवर. अर्धा गोल ढोलकीबरोबर उजवीकडे निघाला, अर्धा माझ्याबरोबर डावीकडे. हात कमरेत अडकलेले. नवरीची म्हातारी आत्या जानी, ती मधल्यामध्ये ओढली गेली आणि मांडवात धपकन खाली बसली. आधी सगळे हसले. ती पण हसली, वाजवणारा निजला काय रं म्हणाली. मी वाजवतच होतो. मग हसणं थांबलं. डोळे उघडले तेव्हा तुषार ढोलकी गळ्यात घेऊन माझ्या उजव्या बाजूला उभा होता आणि माझा खांदा धरून हलवत होता.
परतताना टेम्पोत रतन म्हणाला, जत्रेला उंबरगावचा एक प्लेअर बघतोय, तू थोडी विश्रांती घे. मी म्हटलं, केबलची पिन लूज आहे.

२६ फेब्रुवारी
पिना तपासल्या. घट्ट आहेत. केबलच्या दोन्ही बाजू अदलाबदल करून पाहिल्या. डावीकडे गोणपाटच. म्हणजे केबल निर्दोष, हे मान्य करतो. मी हट्टी माणूस नाही.
दोष साच्याचा. दोन वर्षांत मी बारीक झालोय, कान सैल पडले असणार. वापीला जाऊन नवा साचा.

१ मार्च
वजन केलं. दोन किलो वाढलंय. कानाचं वेगळं असतं.

६ मार्च
सकाळच्या गाडीने वापी. सेंटरमधली मुलगी तीच. म्हणाली, टेस्टशिवाय साचा घेणार नाही. बरं म्हटलं, होऊन जाऊ दे.
काचेच्या खोलीत बसवलं. हातात बटण. बीप आला की दाबायचं. उजवा कान पटापट झाला. डाव्याला सुरुवातीचे एक-दोन आले, मग काही येईना. पण मी काय आजचा माणूस? तिची लय माझ्या लक्षात आली होती. साधारण सहा सेकंदांनी एक. मनातल्या मनात मात्रा धरल्या आणि समेवर बटण दाबत गेलो. एकही चुकवला नाही. बाहेर आलो तो पास झाल्यासारखाच आलो.
तिने पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, काका, छेल्ली बे मिनिट तो में अवाज मोकल्योज नथी.
शेवटची दोन मिनिटं तिने आवाज सोडलाच नव्हता. मी एकवीस वेळा दाबलं होतं. अगदी लयीत.
कागद दाखवला. उजवी रेघ वरच्या वर. डावी विहिरीच्या पायऱ्या उतरत गेलेली. हे आजचं नाही म्हणाली, चार-पाच वर्षांचं आहे. कानाच्या डॉक्टरला दाखवा. गेलेलं बहुतेक येणार नाही, राहिलेलं सांभाळा. मी केबलबद्दल विचारलं. केबल छान आहे म्हणाली.

७ मार्च
सुषमाला कागद दाखवला. तिने तो नीट वाचलासुद्धा नाही. तिनेच सांगितलं, तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. रतनलाही. तो तेव्हाच माझं वाजवणं बंद करणार होता. तुषार तेव्हा त्याला म्हणाला, मी ढोलकी उजवीकडं फिरवतो, भाऊला कळायचं नाही. आणि कळलं नाही. तीन सीझन मी त्याच्यावर वाजवलं. भिकीला तर कोणी सांगितलंही नव्हतं, ती आपली आपण झाडाला वळसा घालायला लागली.
आणि मी नॉबवर चिकटपट्टी लावली.
फार लाज वाटते. भीती त्याहून जास्त. उजवाही गेला तर?

९ मार्च
डॉक्टरची वेळ घेतली. मंगळवार.
रतनकडे गेलो. चिकटपट्टी नखाने खरवडून काढली, नॉब उजवीकडे केला. तुषार ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला होता, त्याने वर बघितलं नाही. जत्रेला उंबरगावचाच माणूस असणार. मी बाजूला बसून तारप्याच्या तेवढ्या दोन चाली वाजवल्या तर चालेल, असं रतन म्हणाला. हो म्हटलं. सोलोचा विषय निघाला नाही.
नवी केबल विकायला काढली. जुनी पुरे. जाहिरात लिहिली: आठपदरी, चांदीची, एक महिना वापरलेली. डावी बाजू जवळपास नवी.
सुषमाला वाचून दाखवली. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. टेबलाला वळसा घालून आली, उजवीकडची खुर्ची ओढली आणि म्हणाली, जेवून घ्या, गार होतंय.