किल्ल्यातले हरवलेले नऊ फूट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, तोही जिवंतपणी केलेला, याची नोंद घे. तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस की दुसऱ्यांना उपदेश करण्यात विसरतेस? माझी प्रकृती बरी आहे. भावोजी ठणठणीत आहेत आणि काळजी त्याचीच आहे. येत्या शनिवारी ते या किल्ल्याची एक भिंत फोडून सगळ्यांच्या आधी आत शिरणार आहेत, आणि त्यांना थांबवू शकेल असा इथे मी एकटाच आहे. म्हणजे कोणीच नाही.

नीट सांगतो. दुरुस्तीआधी किल्ल्याचा नकाशा हवा म्हणून मालकांनी आम्हां दोघांना मापं घ्यायला बोलावलं, एवढं तुला ठाऊक आहे. जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते इथल्या राखणदार बाईंनी सांगितलं. (कमरेला चाव्यांचा भला मोठा जुडगा, म्हणून भावोजी त्यांना खुळखुळाकाकू म्हणतात. तोंडावर नाही.) काकू बुरुजावर चादरी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, शेकडो वर्षांपूर्वी इथला किल्लेदार लढाईवर जाताना बायकोला खोलीत कोंडून चावी सोबत घेऊन गेला, आणि तिकडेच मेला. नोकर हुकमाचे एवढे पक्के, की एकानेही कुलूप तोडलं नाही. ती हाका मारत राहिली, मग थांबली. मग त्यांनी ते दारच चिणून टाकलं. ती अजून इथल्या भिंतींमधून फिरते, असं सांगून काकू चिमटे मोजायला लागल्या. ताई, मला तिथेच बुरुजावर बसावं लागलं.

आता आमच्या टेपबद्दल. तिचं टोक फाटून वीस वर्षं झाली, पण भावोजींचा तिच्यावर जीव आहे (तुझ्याहून थोडा कमी). त्यामुळे आमची रीत अशी: भावोजी शून्याऐवजी एक फुटाची खूण भिंतीला धरतात, मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचतो, त्यातून एक फूट वजा करतो आणि वहीत लिहितो. बाहेरची लांबी तशीच घेतली. पण आत नऊ खोल्या, एकीतून दुसरीत जायचं, अशा ओळीने आहेत. ती गोष्ट ऐकल्यावर पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला माझे पाय तयार होईनात. म्हटलं, भावोजी, आज आकडा तुम्ही वाचा, मी दाराशी टोक धरतो आणि लिहितो. (पाय उंबऱ्याबाहेर ठेवूनही टोक धरता येतं, हा शोध माझा.) त्यांनी नऊ आकडे ओरडून सांगितले, मी नऊ लिहिले. भिंतींची जाडी मिळवून बेरीज केली, तर बाहेरच्या मापापेक्षा आत नऊ फूट कमी भरले.

नऊ फूट म्हणजे एक अख्खी खोली, ताई! शेवटच्या भिंतीमागे चिणलेली. मी वही मिटून दाराबाहेर आलो आणि भावोजींना चेव चढला. मालकांना निरोप गेला, मालक म्हणाले फोडा, गवंडी ठरले. शेवटचा दगड आपण स्वतः खांद्याने ढकलून आत जाणार, असं भावोजींनी जाहीर केलं. काकूंचे डोळे भरून आले. त्या एवढंच म्हणाल्या, "आत गेलात की तिला आधी पाणी द्या हो." तेव्हापासून भावोजी छाती काढून चालतात आणि मी त्यांच्या मागे, अगदी चिकटून.

आज सकाळी मापं चांगल्या कागदावर उतरवताना मी सहज विचारलं, की आकडे सांगताना तुम्ही तो एक फूट वजा करत होता का. म्हणाले, "मग? ते काय तुझ्यावर सोडू?" आणि मी तर सवयीने लिहिताना पुन्हा वजा केलेला. नऊ खोल्या, नऊ फूट. खोलीबिली काही नाही. शेवटच्या खोलीच्या बाजूच्या खिडकीतून मान काढून पाहिलं. ती बाहेरचीच भिंत आहे. पलीकडे हवा, आणि ऐंशी फूट खाली कोरडा खंदक, त्यात दगड. शेवटचा दगड खांद्याने ढकलला की त्याच्या मागोमाग कोण जाईल ते तुला सांगायला नको.

मग सांगून का टाकत नाही, असं तू विचारशील. सदरा उलटा घातलाय एवढं सांगितलं तेव्हा ते तीन महिने माझ्याशी बोलले नव्हते, मधले निरोप तूच पोचवत होतीस. इथे तर मालकांपासून गवंड्यांपर्यंत सगळ्यांसमोर छाती काढून झाली आहे. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहा हवा का विचारून आलो. त्या नोकरांना मी मनातल्या मनात फार शिव्या दिल्या होत्या, ताई. ते माझ्यासारखेच असणार. स्वतःची लाज वाटते.

तुझा भित्रा भाऊ

ता. क. खरं काम हे, की पत्र मिळताच भावोजींना लिही. गुडघा सुजलाय, शनिवारच्या आत या, असं. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. पोस्टमन यायला अवकाश होता आणि मला राहवेना. सांगितलं. ते ओरडले नाहीत. शेवटच्या खोलीत गेले, मी मागोमाग. "म्हणजे हिच्या पलीकडे काहीच नाही?" म्हटलं, काहीच नाही. त्यांनी भिंतीवर मुठीने तीनदा ठोकलं. पलीकडून तीनदा उत्तर आलं. भर दुपार होती, ताई, खिडकीतून ऊन येत होतं. खोली असती तर किती बरं झालं असतं. भावोजींनी माझा हात धरला तो जिना उतरून अंगणात येईपर्यंत सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.

ता. क. ३. काम सोडलं. मालकांना वही देऊन दोन दिवसांनी घरी पोचतो, पत्र आधी येईल. गुडघ्याचं खोटं आता लिहू नकोस. फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेव, की आमच्याकडे येताना बेलच दाबा. आम्हीही बेलच दाबू. दारावर टकटक झाली, तर ते आम्ही नव्हे. उघडू नकोस.