आरिस्तिदिसची सही

प्रिय आरिस्तिदिस,

आपल्या खेरोनिया गावच्या प्राचीन ग्रीक चरित्रकारानं रंगवलेल्या थोरांवरून बाबांनी आपली नावं ठेवली. मोडा, पण वाकू नका, हे त्याचंच वाचून मी चौकाचौकांत गर्जत आलो.

आज तू राजबंद्यांच्या बेटावर रक्त ओकतो आहेस. आपली मतं सोडल्याच्या, पश्चात्तापाच्या कागदावर सही केलीस तर सुटशील. मात्र इथला पाद्री तो कागद भर चर्चमध्ये वाचून दाखवेल.

आई म्हणते, "वाचू दे मेल्याला! मी पुढ्यात उभी राहीन. तुमच्या त्या चरित्रं लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं पुस्तकात एवढे वीर मारले, एकाच्या तरी आईला विचारलं का रे? लिही त्याला, सही कर म्हणावं."

'सही कर', तेवढंच मला माझ्याकडून लिहवत नाही. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. तत्त्वासाठी मी हसत मेलो असतो, आरिस्तिदिस. पण मरतो आहेस तू.

तुझा थोरला,
फोकिओन