काळे आलेले फोटो

कळंब, ता. आंबेगाव
१२ ऑक्टोबर २००९

चि. संयम यास सारजामावशीचे आशीर्वाद. तुझी आई प्यारीबाई आणि वडील बरे असतील. आमच्याकडे ठीक आहे. आरती मागच्या रविवारी पुण्याला गेली, दिवाळीला येईल.

गाईची धार काढून झाली होती. अंगण झाडून सडा टाकला, बंबातलं पाणी तापलं तशी आरतीला हाक मारली. ती आंघोळीला गेली. मी गॅसवर चहा ठेवला आणि ओटीवरच्या टेबलावर फडकं मारायला घेतलं. ऑगस्टातली ती सकाळ रोजच्यासारखीच होती. तिथूनच सांगते. दुसरीकडून सुरुवात केली तर मुद्द्यावर यायचं राहून जाईल.

टेबलावर आरतीचा लॅपटॉप उघडा होता. तुम्ही दोघं काय काम करता ते तिने मला समजावलं होतं. पुण्यातल्या ऑफिसात एक मोठं मशीन आहे. त्याच्या पोटात तू चार खोटे कॉम्प्युटर बसवलेत, त्यांना स्वतःचा पडदा नाही. सकाळी ते आपले आपण बसच्या तिकिटांची वेबसाइट उघडतात, बटणं दाबतात आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतात. पान वाकडं दिसलं की फोटोत सापडतं. ते सगळं आरतीला घरी एका विंडोत दिसायचं. मी कोपऱ्यातून पेपर वाचत ऐकायची. मला वाचायची सवय आहे, विचारायची नाही.

त्या विंडोच्या मागे आमच्या ह्यांचा फोटो होता. तू दहाव्याला आला होतास, तेव्हा पाहिलंस, भिंतीवर फोटो नव्हता. हार घातलेले हे मला नको होते, भावकी बोलली तरी मी लावू दिला नाही. पण हा वेगळा. आरतीने टोमॅटोच्या वावरात मोबाइलवर काढलेला. डोक्याला टॉवेल, हातात रिकामं क्रेट आणि हसतायत. माझी चप्पल चिखलात रुतून बसली होती, तिला हसतायत. तिने तो लॅपटॉपवर लावला तेव्हा मी ओरडले होते, "काढ तो. बघवत नाही मला."

ती म्हणाली, "अगं, दिवसभर वर कामाची विंडो असते. तुला कुठं दिसणारे?"

त्या सकाळी लॅपटॉपवरून फडकं फिरवताना पडद्यावरचा बाण सरकला, बोट दाबलं गेलं आणि विंडो खाली जाऊन बसली. हे समोर. चहा उतू जाईपर्यंत मी उभी राहिले. मग खालच्या पट्टीवर बोट दाबून विंडो परत वर आणली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम केलं. मग रोजच.

तेव्हापासून तुमचे फोटो काळे यायला लागले. माझा त्याच्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही, हे खरं आहे. तू ग्राफिक्सचं काहीतरी बदललंस, पडद्याची मेमरी वाढवलीस, ब्राउझर काढून जुना घातलास. दुपारी नीट चालायचं, सकाळी पुन्हा काळं. आरती चिडचिड करायची, मी तिला दही-भात पुढे करायची.

नवरात्रातल्या त्या गुरुवारी तुझा फोन स्पीकरवर होता. "मावशी, बिनकांद्याची वांगी कधी?" असं आधी मला विचारलंस. मग आरतीला म्हणालास, "विंडो खाली करून ठेवतेस का गं? कुणी बघत नसलं की हे कॉम्प्युटर चित्र काढायचंच थांबवतात. मग फोटो काळा येतो."

"मी येडी आहे का? आंघोळीला जाते तेव्हा उघडी असते, येते तेव्हा उघडीच असते."

"घरात दुसरं कोणी?"

"आईला पेपर पुरतो. मशीन तुझी, खापर माझ्या घरावर?" असं म्हणाली खरी, पण माझ्याकडे वळली. "आई, तू हात लावतेस का गं?"

मी म्हणाले, "मी कशाला लावू? मला काय कळतंय त्यातलं?"

तू हसलास. म्हणालास, "मावशींचं नाव नको घेऊ. उद्या सकाळी विंडो उघडी ठेवून एकदा बघू. नीट आलं तर माझी मशीन बरोबर. काळं आलं तर दोष माझा, साहेबांना मी तसंच सांगेन."

शुक्रवारी काळंच आलं आणि तू साहेबांना तसंच सांगितलंस. पुढचं मला आरतीकडून कळलं: तुला त्या कामावरून काढलं, तू मंचरला वडिलांच्या दुकानात बसतोस, तिचा फोन उचलत नाहीस. ती म्हणते, त्याचीच चूक होती तर राग कशाचा.

परवा मी तिला फोन करून सांगितलं की मी विंडो खाली करायची, ह्यांना बघायला. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना आई, जाऊ दे." ती आज साहेबांना भेटणार आहे. तिचा फोन आला तर उचल. तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ती माझ्या शब्दावर विसंबून बोलली.

शुक्रवारचं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते आधी तुझं आहे, म्हणून तुला लिहिते. हे पत्र तिला दाखव, साहेबांनाही दाखव. माझी आडकाठी नाही.

गुरुवारी तू सगळं सांगितलंस आणि मला सगळं कळलं. आज हात लावायचा नाही, असं ठरवून मी शुक्रवारी उठले. धार काढली, अंगण झाडलं. आरती आंघोळीला गेली. मी चहा ठेवला, फडकं घेतलं नाही, नुसतीच टेबलापाशी गेले आणि विंडो खाली केली.

सारजाबाई