शंभर दाणे

॥ श्री दत्त प्रसन्न ॥
किन्हीराजा, १० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वर्षाराणीस रंगूताईचे आशीर्वाद.

फोनवर तू हो ताई, हो ताई करून सुटतेस, म्हणून कागदावर भांडते. पाठच्या भावाची बायको म्हणून आजवर तुला काही बोलले नाही. तू पाठवलेल्या सोयाबीनचं दूध पाण्यासारखं निघतं. मागच्या साली किलोला दीड किलो सोया-पनीर पडायचं, यंदा पाऊणही नाही. सगळं सत्त्व चोथ्यातच राहतं. वाण बदललंस ना? वर पोतं ओलं. तेही मीच भट्टीवरच्या पत्र्यावर वाळवलं, धगसुद्धा वाया जाऊ दिली नाही. बचत गटात भागिरथाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की रंगूच्या माहेरून धान्य नाही, कोंडा आला. दत्तजयंतीच्या पंगतीला पनीरची भाजी कबूल केली आहे. महाराजांपुढे काय वाढू? माझ्या भावाला, गोपीचंदला, हे वाचून दाखव. लोभ आहे, पण सध्या दिसणार नाही.

तुझी नणंद,
रंगू

कामरगाव, १८ नोव्हेंबर

ती. ताईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे हसले, म्हणून यांच्याशीही अबोला धरला आहे. वाण बदललं, खरं आहे. जुन्याच्या शेंगा फुटून दाणे वावरातच सांडत होते. पण त्याच राशीतलं अर्धं मी बियाण्याला ठेवून छपरीत सावलीला वाळवलं. तुमचं पत्र आल्यावर त्यातलं किलोभर भिजवून पनीर केलं, दीड किलोवर भरलं. मग कोंडा कोणाकडे?

बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते, अठ्ठ्याऐंशी उगवले. तुमच्या पोत्यातले शंभर तुम्ही गुंडाळा, सहा दिवस पाणी शिंपडा. भाजलेला दाणा उगवत नाही आणि दूधही सोडत नाही. तुमचे उगवले तर गटासमोर येऊन पाया पडते. नाही उगवले, तर काय ते तुम्हीच ठरवा. रागावले आहे, तरी तब्येतीला जपावे.

आपली,
वर्षाराणी

किन्हीराजा, २८ नोव्हेंबर

चि. सौ. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

चार उगवले. शंभरात चार. दत्तापुढे बसून दोनदा मोजले. धग वाया जाऊ दिली नाही म्हणून मिरवत होते, ती मीच. तो पत्रा अंगणात फेकला. आवाजाने शेजारीण धावत आली, तिच्यावरही ओरडले.

काल बैठकीत उभी राहून म्हटलं, "धान्य माझ्या माहेरचं चोख होतं. जाळलं मी." भागिरथाबाई म्हणाल्या, "मग भावजयीले काहून बोलून राह्यली होती?" मी ते गोणपाट त्यांच्यापुढे उलगडून ठेवलं.

बियाण्यातलं दहा किलो पाठव. पेरणीचं मागते आहे, हे कळतं. आणि तूही ये, पाया पडायला नाही. पंगतीत पहिलं पान तुझ्या हाताने वाढायचं आहे. गोपीचंदशी बोल, तो हसला ते बरोबरच होतं. राग आहे तेवढा राहू दे, त्याच्या शेजारी लोभालाही जागा दे.

तुझी,
रंगूताई