चावा

प्रिय धाकट्या,

काल तुझा फोन आला. 'ताई, तो आता जन्मात उभा राहायचा नाही,' एवढंच बोलून तू ठेवलास. मला काही उमगलं नाही. तासाभराने दवाखान्यात ड्युटीवर गेले, तर स्ट्रेचरवर मुकादम. दोन्ही गुडघ्यांचा भुगा, एक हाड पँट फाडून बाहेर आलेलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं.

का वाटू नये रे? मालधक्क्यावर क्रेनची साखळी तुटून माणूस मेला आणि साखळी झिजलेली होती, मुकादमाला सांगितलंही होतं, असं तुझे दाजी कोर्टात खरं बोलले. त्यासाठी हा भर दुपारी घरात घुसला आणि सळईने त्यांचा डोळा फोडला. दुसऱ्यावर नेम धरला तेव्हा मी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावले, दातांना हाड लागेपर्यंत. सळई पडली म्हणून तो डोळा वाचला. थू थू करत बसले होते, तोंडातली त्याच्या रक्ताची चव जाईना.

पुढचं तुला सांगितलेलं नाही. जामिनावर सुटल्यावर त्याचा अंगठा सडला. बाईने चावलं हे सांगायची लाज, म्हणून बेट्याने कुत्रं चावल्याचं सांगून कुत्र्याची इंजेक्शनं टोचून घेतली! ड्रेसिंगला आला माझ्याच टेबलावर. डॉक्टरांना म्हटलं, कुत्रं नव्हे, मी. मग पू असा दाबून काढला की तो गुरासारखा ओरडला, आणि मी आणखी दाबलं. संध्याकाळी प्रार्थनेला बसले तर तोंडातून शब्द फुटेना. दाजींना सांगितलं. ते म्हणाले, उद्या हात हलका ठेव, नाहीतर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर मिरवू नकोस. मला असा संताप आला त्यांचा! पण ठेवला हलका. प्रेमबिम काही वाटलं नाही, दात-ओठ खाऊन रोज पट्टी बांधली. अंगठा वाचला.

आज पोलीस त्याच्या खाटेशी आले. कुणी मारलं? तो माझ्याकडे बघत म्हणाला, जिन्यावरून पडलो. ते गेल्यावर मला म्हणाला, बाई, तुमचा भाऊ होता, नाक अगदी तुमचंच. पण तुम्ही माझा हात राखलात, मी बोलणार नाही. बेसिनपाशी जाऊन मी ढसाढसा रडले. तू सुटलास म्हणून आनंदाने रडले, आणि तेवढ्यातच मला स्वतःची शिसारी आली.

धाकट्या, आई गेल्यावर तुला कडेवर मी वाढवलं. तुझ्यासाठी आणखी दहा जणांना चावेन. पण खऱ्यासाठी डोळा घालवलेला माणूस माझ्या शेजारी झोपतो आणि प्रभूचं नाव मी रोज घेते, मला गप्प बसता येणार नाही. उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन तुझं नाव सांगणार आहे. त्याआधी घरी ये. तू स्वतः सांग, मी तुझा हात धरून उभी राहते. शिक्षा झाली तर दर भेटीला मीच येईन. मला शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, पण पळू नकोस रे. दार उघडं ठेवून बसले आहे.

तुझीच,
ताई