माझ्या गळ्यावर डोळा

३ मे
लग्नाच्या हॉलचा मालक मिर्झाबेक सकाळपासून फार गोड बोलतोय. काहीतरी शिजतंय.
दुपारी कळलं. नव्या सुनेचा घुंगट उघडताना म्हणायची गाणी आता म्हणे कॉम्प्युटर रचणार. सासरच्या एकेकाचं नाव घेऊन चिमटा काढायचा, सुनेला त्याच्यापुढे वाकायला लावायचं, मग त्याच्याकडून भेट उकळायची. हे यंत्राला जमणार? अख्ख्या ताराझ शहरात ते फक्त मला जमतं. निर्धास्त झोपतो.

४ मे
झोप लागली नाही.

११ मे
यंत्राचं गाणं ऐकलं. 'थोरल्या काकांची टोपी मोठी, मन त्याहून मोठं.' माझी ओळ. सरळ चोरी. कुलाशला सांगितलं, तर म्हणते, अहो, ही ओळ तुमचे वडीलही म्हणायचे, आणि त्यांच्याआधी सगळं गाव. स्वतःची बायको असं बोलते. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं.
माझा फोनच माझं गाणं चोरून ऐकत असणार. आजपासून तो पिठाच्या डब्यात.

१९ मे
फोन डब्यात असल्यामुळे एक लग्न हुकलं. बोलावण्याचा तो फोन यंत्रवाल्यांनीच मुद्दाम तेव्हा करवला असणार.

२८ मे
मिर्झाबेक घरी आला. थोरल्यांना म्हणतात तसं आदराने 'अगा' म्हणत बोलला, अगा, यंत्राच्या कंपनीचे लोक आलेत, तुमच्यासारखा गळा कुणाचा, जरा गाऊन जा. म्हणजे माझ्यावाचून अडलंय. उद्या जाणार आणि मुद्दाम बेसूर गाणार. यंत्र कायमचं बिघडेल.

२९ मे
बेतात किरकोळ बदल. पहिल्याच ओळीला माईकवाली बाई म्हणाली, अगा, बरं नाही का? कालचे गायक यापेक्षा बरे होते. मग काय करणार? संध्याकाळपर्यंत जीव ओतून गायलो. सगळी नावं, सगळी नाती. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. कसल्याशा कागदावर सही दिली. चष्मा घरी होता, पण सन्मानपत्रच असावं.

६ जुलै
हल्ली बोलावणी नाहीत. लोक लग्नंच करेनासे झालेत. दर शनिवारी हॉलमधून वाद्यं ऐकू येतात, ती वाढदिवसांची असतील.
कुलाश हॉलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. घर चालायला हवं म्हणते. मी परवानगी दिली. आपला एक हेर तिथे बरा.

२४ ऑगस्ट
काल मिर्झाबेकच्या हॉलमध्ये पुतण्याचं लग्न. मी गाणार होतोच, पण धाकटा भाऊ म्हणाला, दादा, तुम्ही आरामात जेवा, आवाज तुमचाच लावलाय.
स्पीकरमधून मी गायला लागलो. एकेक करून सगळ्यांची नावं घेतली. मग म्हणालो, 'झुमागाली काकांना सलाम, पूर्वी गात असत, आता मोकळेच असतात, भेट मात्र दांडगी देतील.' सून माझ्यापुढे वाकली. मंडळी पोट धरून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
उभा राहून एक मेंढी जाहीर केली. कुलाश स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मेंढी तिच्याच पगारातून घ्यावी लागणार.
आवाज मात्र छान लागला होता.