भाणाचा उजो

आई, चूल वेगळी आणि भाणाचा उजो वेगळा, हे तुला कधी कुणाला सांगावं लागलं नाही. मला मात्र ते पणजीत, एका लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या माणसांना सांगावं लागलं, आणि सांगताना माझा आवाज नेहमीसारखा राहिला नाही. तू असतीस तर विचारलं असतंस, एवढं काय होतं त्यात. खरंच काही नव्हतं. तरीही त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतंय, आणि बोलायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं काम काय, हे तुला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. शेजारच्या काकीला तू सांगायचीस, "बाय वाऱ्याचो हिशेब करता." मला हसू यायचं, पण याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. देशभरातून दरवर्षी हवेत कोणता धूर आणि किती धूळ जाते, ते क्षेत्रवार मांडायचं असतं. गाड्यांचं वेगळं, कारखान्यांचं वेगळं, खाणी, बांधकाम, कचरा, शेती, आणि घरं. प्रत्येकाची एक रेषा. आमच्या वाट्याला आपला मुलूख येतो. गाड्यांची रेषा वर जाते, ती थांबायचं नाव घेत नाही. पेडण्याकडे डोंगर कापले जाताहेत, त्यामुळे बांधकामाचीही चढते आहे. खाणीची एका जागी कड्यावरून पडावी तशी पडलेली आहे आणि आता पुन्हा हळूहळू डोकं वर काढते आहे. घरगुती रेषा मात्र वर्षानुवर्षं शहाण्या मुलीसारखी खाली उतरत आलेली. चुली गेल्या, गॅस आला. कुठल्याही बैठकीत ती रेषा दाखवली की सगळ्यांचे चेहरे जरा सैल होतात.

ती रेषा बरोबर आहे ना, एवढंच बघायला मी पेडण्याला गेले होते. घराघरांत विचारून आणलेली उत्तरं असतात, त्यांतली थोडी आपण स्वतः जाऊन ताडून बघायची. एका वाड्यावर शेवटचं घर होतं. सोप्यावर एक म्हातारी काजूबिया वाळत घालत होती. मी विचारलं, घरात चूल आहे का. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या घरात शौचालय आहे का असं विचारलं होतं. म्हणाली, "चूल खंयची गो आता? गॅस असा मगे." मी कागदावर खूण केली आणि निघाले, तर मागीलदारी निळा धूर उठत होता, माडांच्या झावळ्यांत अडकून तिथेच रेंगाळत होता. मी विचारलं, मग तो धूर कसला. ती हसली. "तो भाणाचो उजो. तेका कोण चूल म्हणता?"

आई, मी तिथेच उभी राहिले. बाई खोटं बोलत नव्हती. मीही तिच्या जागी तेच उत्तर दिलं असतं. चूल म्हणजे जिच्यावर रांधतात ती. आंघोळीचं पाणी तापवायला भाणाखाली घालायचा जाळ तो भाणाचा उजो. आपल्याकडे या दोन गोष्टींना एक शब्द नाही, आणि आमच्या कागदावर प्रश्न एकाच शब्दाचा होता. पुढच्या वाड्यांवरच्या घरांत मी प्रश्न बदलून विचारला. घरामागून घर तेच सांगत गेलं: चूल नाही, भाण आहे.

आपलं भाण न्हाणीच्या कोपऱ्यात, चिऱ्यांच्या कट्ट्यात बसवलेलं. तांब्याचं, पण बाहेरून इतकं काळं की त्याचा खरा रंग फक्त आतून, पाणी संपत आलं की दिसायचा. तू पहाटे उठून नारळाची सोडणं आणि माडाची चुडतं पेटवायचीस, वर काजूचं एखादं लाकूड, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर चहा ठेवायचीस. "बाय, उदक तापलां. न्हा बेगीन, मागीर निवता." माझ्या परीक्षा झाल्या की त्या वर्षीच्या वह्या पेटवणाला तुझ्याकडे जायच्या, मी एकदा रागावले होते तेव्हा तू म्हणालीस, शिकलंस ते तुझ्या डोक्यात गेलं ना, मग आता पाण्याला जाऊ दे.

पण खरा उजो संध्याकाळचा. बाबा खनिजाचा ट्रक घेऊन यायचे तेव्हा ते कुणाचे बाबा आहेत हे लांबून ओळखता यायचं नाही. त्या वाटेवरचे सगळे ड्रायव्हर खाणीच्या धुळीने एकाच रंगाचे. तू दारातूनच सांगायचीस, "तशेच भितर सरूं नाकात, उदक तापलां." ते बाहेरून न्हाणीत जायचे. पहिलं पाणी लाल वाहायचं, मग पातळ चहासारखं, मग कधीतरी स्वच्छ. मोरीचा दगड अजून लालसर आहे. माझ्या तक्त्यात खाणीचा रकाना एकीकडे आणि घरगुती दुसरीकडे, मध्ये जाड रेघ. आपल्या घरात मात्र एक धुऊन काढण्यासाठी दुसरा रोज पेटत होता, हे मला इतकी वर्षं तो तक्ता भरताना एकदाही सुचलं नव्हतं.

मग खाणी बंद पडल्या. खाणीची रेषा पडली आहे ना, ती त्याच जागी. आमच्यातला एक तरुण सहकारी ती बघून म्हणाला होता, किती सुंदर पडली आहे. त्याचं काही चुकलं नाही, हवेच्या बाजूने बघितलं तर सुंदरच. मला तिथे बाबा दिसतात, सोप्यावर बसलेले, स्वच्छ शर्टात, दुपारभर. ट्रक आंब्याखाली. संध्याकाळ होते, तू नेहमीच्या वेळेला न्हाणीत जाऊन उजो घालतेस. बाबा म्हणतात, "आंगार धूळ ना, मागीर न्हाण कित्याक?" तू फुंकणीवरून डोकं न उचलता म्हणतेस, "संवय मोडूं नाकात."  मग बाबा उठतात, टॉवेल घेतात. त्या दिवसांत तुम्ही दोघं यापेक्षा जास्त काही बोललात का, मला आठवत नाही. बाबा गेल्यावरही तू तो उजो सोडला नाहीस. मी शनिवारी म्हापशाहून यायचे, आणि वळणावरून धूर दिसला की माझी बॅग हलकी व्हायची.

तुझा खोकला धरून बसला तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, चुलीवर रांधता का. तू उशीवरून मान उचलून म्हणालीस, ना हो, गॅस असा. तुझ्या आवाजात तक्रार नव्हती, किंचित अभिमान होता. सिलिंडर पहिल्यांदा घरात आला तेव्हा तू त्याला हळदकुंकू लावलं होतंस. मी शेजारी उभी होते आणि मलाही उत्तर पुरं वाटलं. वेगळं सांगितलं असतं तर काही बदललं असतं का, ते मी नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फारसं नाही, उशीर झाला होता. त्यांचं खरं मानून चालते आहे. पण त्या पेडण्याच्या वाड्यावरून परतताना बसमध्ये मला एवढंच वाटत होतं, की तुला दोनदा तोच प्रश्न विचारला गेला, एकदा डॉक्टरांकडून, एकदा आपल्या दारी आलेल्या आमच्या पाहणीवाल्यांकडून, आणि दोन्हीकडे तू खरं सांगूनसुद्धा तुझा धूर कुणाला दिसला नाही.

पुढे काय करायचं, हे वाटलं तितकं सोपं नव्हतं. गप्प राहिले असते तर रेषा सुरेख उतरत राहिली असती, पण ती खोटी आहे हे मला एकटीला माहीत असतं. बोलले तर तुझा उजो, आपल्या तिघांच्या अंगावरून इतकी वर्षं गेलेलं ते ऊन पाणी, अपायकारक गोष्टींच्या यादीत माझ्याच हाताने जाणार होतं. काही दिवस मी दोन्ही बाजू डायरीत लिहून बघितल्या. वाचल्यावर लक्षात आलं की गप्प राहण्याच्या बाजूला कारण असं नव्हतंच, नुसती तू होतीस.

पणजीच्या त्या बैठकीत मी बोलले. आमच्या मॅडम फटकळ आहेत, पण ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, यंदा प्रश्न बदलला तर रेषा एकदम वर उडेल, आणि दिल्लीहून विचारतील की तुमची माणसं गॅस सोडून परत लाकडाकडे वळली का. म्हणजे मागची सगळी वर्षं दुरुस्त करावी लागतील. त्यासाठी आधी एका घराच्या न्हाणाला किती लाकूड जळतं, ते कुणीतरी मोजून आणायला हवं. "मोजणार कोण?" त्यांनी विचारलं. तो तरुण सहकारी म्हणाला, "भाण कुणाकडे आहे ते आता सगळ्यांना कळलंच आहे." सगळे हसले. मीही हसले.

आणखीही घरांत मोजायचं ठरलं आहे. सुरुवात मी आपल्याकडून केली. शनिवारी स्प्रिंगचा काटा घेऊन घरी गेले. कुलूप गंजलंय, तेल घालायला हवं. माळ्यावर तू रचून ठेवलेली लाकडं होती, वाळवीने थोडी खाल्लेली, बाकी खडखडीत. भाण घासलं, भरलं. प्रत्येक लाकूड काट्याला अडकवून वजन लिहायचं, मगच आत घालायचं. पहिल्यांदा पेटेना. फुंकणी सापडली ती तुझ्या जागी, खुंटीला. धूर डोळ्यांत गेला आणि मग एकदम उजो लागला, तोच आवाज.

थोड्या वेळाने मागीलदारी काकी. धापा टाकत आलेली. म्हणाली, धूर बघितला म्हणून आले. मग माझ्या हातातल्या काट्याकडे बघत राहिली. "कितें गो, लाकडां जोखता? विकपाक काडल्यांत?" मी म्हटलं, सरकारला सांगायचंय, किती जळतात. "सरकार न्हाणां घालतलें?" ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर टेकली. उठताना उजोकडे बघत हळूच म्हणाली, "म्हाका एक खिण तुजी आवयच दिसली." तिला तू दिसली होतीस; मी पुढचं लाकूड काट्याला अडकवलं. ती गेल्यावर कळलं, गावात आता आपल्या घराची खबर धुरावरूनच लागते, आणि धूर नाही म्हणजे कुणी नाही.

माझ्याकडे फ्लॅटमध्ये गिझर आहे. त्याची वीज बाहेरून येते, म्हणजे माझ्या आंघोळीचा धूर दुसऱ्या कुठल्या राज्याच्या रकान्यात पडतो. स्वच्छ आहे, पटकन होतं, आणि कुणी हाक मारत नाही.

मागची वर्षं दुरुस्त होतील तेव्हा घरगुती रेषा पूर्वीपेक्षा वर बसेल आणि खाली उतरेल ती सावकाश. तळटीपेत लिहिलेलं असेल, स्थानिक मोजणीवर आधारित. यापलीकडे तुझा उल्लेख कुठे येणार नाही, आणि यावा असंही नाही. हे लिहिलेले कागद तू असतीस तर पाण्याला गेले असते. मी ते फुंकणीशेजारच्या फळीवर ठेवून जाते आहे, पेटवत नाही.

एक राहिलं. पाणी कढत झालं, वजनं लिहून झाली, वही मिटून मी बाहेर ठेवून आले. मोजणी संपली होती. आंघोळ करायची गरज नव्हती, सकाळीच म्हापशात झाली होती. तरी मी काजूचं आणखी एक लाकूड आत सरकवलं आणि ते न जोखताच जळू दिलं.